नजरचूक आणि गैरसमज: बटण एकच, चुका दोन

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. आईला खाली जायचं असलं आणि लिफ्ट तळमजल्यावर दिसली, की ती वरचा बाण दाबते. का, तर "लिफ्ट खाली आहे ना? मग तिला वर नको का बोलवायला?" मी असलं काही करत नाही. मी फोनमध्ये डोकं खुपसून चुकून तिसऱ्या मजल्यावर उतरतो आणि तिथल्या काकूंच्या कुलपात आमची किल्ली फिरवत बसतो.

घरातला निवाडा ठरलेला आहे. आईला "मशीन कळत नाही", आणि माझं "चुकून झालं". निवाड्यातला तिरकसपणा सोडला, तर या खरोखरच दोन वेगळ्या जातीच्या चुका आहेत आणि मराठीत दोन्हींना शब्दही आहेत: आईचा गैरसमज, माझी नजरचूक. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८१ मध्ये हातून निसटणाऱ्या कृतींची वर्गवारी मांडली होती. यंत्रांची रचना शिकवताना हा फरक आजही सांगितला जातो.

नजरचुकीत बेत बरोबर असतो, हात भलतीकडे जातो. गैरसमजात हात अगदी बेताबरहुकूम चालतो, बेतच चुकलेला असतो. म्हणून नजरचूक बहुधा सरावलेल्या माणसाकडून होते. जे काम डोक्यातून उतरून बोटांत गेलंय, तेच निसटतं. नवखा माणूस प्रत्येक बटण वाचून दाबतो, त्यामुळे निदान या बाबतीत तो बरा.

आईच्या बाणाकडे परत येऊ. जुन्या जाळीच्या दाराच्या लिफ्टला मजल्यावर बहुधा एकच बटण असायचं आणि त्याचा अर्थ एकच: "इकडे ये." दोन बाण आले तेव्हा बटणाचा अर्थच पालटला. आता ते "तुला कुठे जायचंय" असं विचारतं. आईने वरचा बाण दाबला, की लिफ्ट येते खरी, पण सातव्यावरून कुणी बोलावलं असेल तर आईला घेऊन आधी वरच जाते. आईच्या मते लिफ्ट बिघडलीये. तिच्या समजुतीत कुठेही फट नाही. फट आहे ती बाणात, कारण तो कुणाचा, माणसाचा की लिफ्टचा, हे तो सांगतच नाही.

एसीचा गैरसमज मात्र शिकल्यासवरल्यांतही मुबलक आहे. बाहेरून तापून आलं, की रिमोट उचलायचा आणि थेट १६. लवकर गार व्हावं म्हणून! हे डोक्यात येतं ते पंख्याच्या रेग्युलेटरवरून आणि गॅसच्या शेगडीवरून. तिथे बटण "मोठ्या"वर नेलं की जास्त जोर. एसीवरचा आकडा जोर सांगत नाही, मुक्काम सांगतो. शिवाजीनगरहून रिक्षात बसून स्वारगेटऐवजी कात्रज सांगितलं, म्हणून रिक्षा वेगाने पळत नाही, फक्त स्वारगेटला थांबत नाही. जुन्या पद्धतीच्या एसीचा कॉम्प्रेसर एक तर चालू असतो, नाही तर बंद. इन्व्हर्टर एसी वेग कमीजास्त करतो खरा, पण खोली ३४ अंशांवर असेल तर २४ लावलं तरी सुरुवातीला तो जवळपास पूर्ण जोरानेच पळतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार जानेवारी २०२० पासून स्टार असलेले रूम एसी कारखान्यातून २४ अंशांवरच लावून येतात. ज्याला आकड्याशी घेणंदेणं नाही, त्याची वीज यातून वाचते. ज्याच्या डोक्यात शेगडी आहे, तो पहिल्याच दुपारी २४ वरून १६ वर येतो.

आता नजरचुकीकडे. एकसारख्या सात बटणांचा स्विचबोर्ड घ्या. पंख्याचं बटण तिसरं की चौथं, हे घरच्यांना पाठ असतं आणि तरीही दिवा विझतो. (बाथरूमचं बटण बाहेर ठेवणाऱ्यांविषयी मी इथे बोलत नाही. आत बसलेल्या पाहुण्याने बोलावं.) इथे समजावून काही उपयोग नाही, कारण समजावण्यासारखं काही उरलेलंच नसतं. आमच्याकडे आजीने पंख्याच्या बटणावर एक टिकली चिकटवली. तेवढ्याने भागलं.

एटीएमचंही तसंच. पैसे आधी आणि कार्ड मागाहून मिळालं, तर माणूस पैसे मोजत निघून जातो आणि कार्ड मशीनमध्ये राहतं. आलो होतो ते काम झालं, की उरलेली पायरी मनातून पुसली जाते. म्हणून अनेक मशीन आधी कार्ड परत घ्यायला लावतात, मग नोटा देतात. "कार्ड विसरू नका" ही पाटी वाचण्याची गरजच उरत नाही.

"तुम्हाला खात्री आहे का?" या प्रश्नावर मात्र माझा अजिबात विश्वास नाही. ज्या झपाट्यात बोट पहिल्या बटणावर पडलं, त्याच झपाट्यात ते "हो"वर पडतं. आणि गैरसमज झालेल्याला विचाराल तर त्याला खात्री असतेच! नजरचुकीला हवी असते मागे फिरण्याची सोय. जीमेलमध्ये पाठवलेली मेल ५ ते ३० सेकंदांच्या आत परत खेचता येते, ते मला शंभर प्रश्नांपेक्षा मोलाचं वाटतं, कारण "अरेच्चा" तोंडातून निघतं ते पाठवल्यानंतरच.

कधीकधी बाहेरून दोन्ही चुका हुबेहूब दिसतात. व्हॉट्सॲपवर चुकीच्या ग्रुपात मेसेज गेला, तो पुसताना "डिलीट फॉर एव्हरीवन"ऐवजी "डिलीट फॉर मी" दाबलं गेलं. म्हणजे सगळ्यांना दिसतोय, फक्त आपल्याला नाही. घाईत बोट घसरलं असेल तर ती नजरचूक, आणि त्यासाठी २०२२ च्या अखेरीस काही सेकंद "अनडू"ची सोय आली. पण "मी पाठवलेला मेसेज मी पुसला, म्हणजे तो गेलाच" असं वाटत असेल, तर तो माणूस "अनडू" दिसूनही शांत बसेल. ओळखायची युक्ती साधी आहे: परत तीच वेळ आली तर काय दाबशील, असं विचारायचं. जीभ चावून दुसरं बटण सांगितलं तर नजरचूक. तेच बटण ठामपणे सांगितलं तर गैरसमज.

आईला मी हा प्रश्न विचारला होता. "वरचाच," ती म्हणाली. मग सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून बाणांशेजारी "मला वर जायचंय" आणि "मला खाली जायचंय" असे दोन कागद चिकटवले. आठवडाभरात आईचा बाण सुधारला. मी अजूनही अधूनमधून तिसऱ्यावर उतरतो. काकूंनी आता दाराला भलंमोठं पिवळंधमक तोरण लावलंय. कुठला सण आहे म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "सण कसला? ते तुझ्यासाठी आहे."