टाकी न लागणारा पाटा
घरातला पाटा गुळगुळीत झाला की वाटण भरड राहतं, मग त्याला टाकी लावून घ्यावी लागते. हत्तीच्या कुळातल्या, आता नामशेष झालेल्या मॅमथच्या दाढेला अशी टाकी कधी लागली नाही. संग्रहालयातली एखादी दाढ वरून निरखून पाहा. पातळ चकत्या एकमेकींना चिकटून उभ्या लावाव्यात, तशी ती दिसते. प्रत्येक चकतीच्या कडेला टणक इनॅमल, आत त्याहून मऊ डेंटिन आणि दोन चकत्यांच्या मध्ये सिमेंट नावाचा दाताचाच थर. चावताना मऊ भाग आधी झिजतो, इनॅमल मागे राहतं, आणि कंगोरे आपोआप वर येतात. झिजणं हीच तिची टाकी!

दक्षिणी मॅमथ या जुन्या जातीच्या शेवटच्या दाढेत साधारण 12 ते 14 चकत्या असत. पुढे केसाळ मॅमथमध्ये त्या 24 च्या घरात गेल्या. कारण रोजचं खाणं म्हणजे धूळमातीनं भरलेलं खरबरीत गवत. अशा दाढा जबड्याच्या प्रत्येक बाजूला जन्मभरात सहा वेळा येत, त्याही खालून वर नाही, तर मागून पुढे सरकत. आपल्याकडच्या हत्तीचंही असंच असतं.

दाढा आणि जबडे पाहूनच फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी 1796 मध्ये पॅरिसमध्ये सांगितलं, की मॅमथ हा आजच्या कुठल्याही हत्तीपेक्षा वेगळा, नामशेष झालेला प्राणी आहे.

मला मात्र जास्त ओढ वाटते ती ईशान्य सायबेरियातल्या तीन दाढांची. कायम गोठलेल्या जमिनीतून निघालेल्या या दाढा रशियन शास्त्रज्ञ आंद्रेई शेर यांनी 1970 च्या दशकात गोळा केल्या आणि त्या मॉस्कोच्या संग्रहात राहिल्या. 2021 मध्ये या दाढांच्या जराशा भुकटीतून डीएनए मिळाला. त्यातल्या दोन दाढा दहा लाख वर्षांहून जुन्या! डीएनएचे अगदी बारीक तुकडे झाले होते. हत्तीच्या जनुकसंचाशी ताडून ते जुळवले. आदिचा नदीकाठच्या दाढेत दाट केसांशी आणि थंडी सोसण्याशी निगडित बरेचसे जनुकीय बदल तेव्हाच झालेले होते. क्रेस्तोव्का इथली दाढ तर तोवर कुणालाच माहीत नसलेल्या मॅमथ घराण्याची निघाली. उत्तर अमेरिकेतल्या कोलंबियन मॅमथचा जवळपास निम्मा वारसा याच घराण्याकडून आलेला आहे.

शेर यांनी दाढा गोळा केल्या तेव्हा नामशेष प्राण्यातून डीएनए काढण्याची सोयच नव्हती. तसा पहिला प्रयोग 1984 मध्ये क्वागा या झेब्र्याच्या नामशेष भाऊबंदाच्या, तोही संग्रहालयातल्याच, कातडीवर झाला. शेर 2008 मध्ये वारले. दाढा त्यांच्या मागे तेरा वर्षं थांबून होत्या.