दोषशोधन, संगणक आज्ञावलीतील

दोषशोधन : संगणकाची आज्ञावली किंवा स्क्रिप्ट अपेक्षेप्रमाणे चालत नसल्यास बिघाडाचे मूळ शोधून ते दूर करण्याची क्रिया. व्यवहारात तिला ‘डीबगिंग’ आणि अशा दोषाला ‘बग’ म्हणतात. दुरुस्ती पुष्कळदा एका ओळीचीच असते; वेळ जातो तो ती ओळ सापडेपर्यंत.

‘बग’ (शब्दशः किडा) ही संज्ञा अमेरिकी संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांच्यापासून सुरू झाली, असा समज रूढ आहे. हार्वर्ड विद्यापीठातील मार्क-२ या संगणकाच्या नोंदवहीत ७० क्रमांकाच्या रिलेमध्ये (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) सापडलेला एक पतंग (कीटक) चिकटपट्टीने लावलेला असून, ‘किडा प्रत्यक्ष सापडल्याचा पहिला प्रसंग’ अशा अर्थाचा शेरा त्याखाली आहे. ही वही आता अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. पानावर ९/९ एवढाच दिनांक असल्याने काही जुन्या संदर्भांत १९४५ हे वर्ष दिलेले आढळते. परंतु मार्क-२ त्या वेळी चालू झालेले नव्हते, त्यामुळे ९ सप्टेंबर १९४७ हा दिनांक अधिक ग्राह्य वाटतो. ‘प्रत्यक्ष’ या शब्दावरूनच लिहिणाऱ्याला ‘बग’चा लाक्षणिक अर्थ आधीपासून ठाऊक होता हे दिसते. टॉमस एडिसन यांनी १८७८ मधील पत्रात यंत्रांतील बारीकसारीक दोषांसाठी हाच शब्द वापरला आहे. हॉपर यांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आणि तो त्यांच्या नावाशी जोडला गेला. पतंग सापडला तेव्हा त्या तेथे नव्हत्या, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शब्दाचे जनकत्व त्यांच्याकडे न देता प्रसाराचे श्रेय देणे योग्य ठरेल.

शास्त्र म्हणून या विषयाचा आरंभ केंब्रिजच्या एडसॅक संगणकाजवळ शोधावा लागतो. त्यावरील आज्ञावलींतील चुकांच्या निदानाविषयी स्टॅन्ली गिल यांचा निबंध १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला.

शोधातील मुख्य अडचण अशी की, चूक जिथे दिसते तिथे ती झालेली असतेच असे नाही. दहाव्या ओळीवरचा कंस बंद करायचा राहिला, तर भाषांतरक (आज्ञावली यंत्राला समजेल अशा रूपात नेणारी प्रणाली) पुढच्या एखाद्या निर्दोष ओळीवर बोट ठेवतो. पायथॉन या आज्ञावली-भाषेच्या ३.१० या आवृत्तीपासून (२०२१) उघडा राहिलेला कंस नेमका दाखवला जातो. त्याआधी नवशिक्याने पुढच्याच ओळीत चूक शोधत बसणे स्वाभाविक होते. आज्ञावली चालू असताना ती कोलमडल्यास कोणत्या फलनाने (फंक्शनने) कोणाला बोलावले याची उतरंड, म्हणजे स्टॅक ट्रेस, मिळते. पायथॉनमध्ये शेवटी बोलावलेले फलन सर्वांत खाली असते, तर बहुतेक ब्राउझरांतील जावास्क्रिप्टमध्ये सर्वांत वर. भाषा बदलताच वाचण्याची दिशा उलटते.

वेबपृष्ठांवर कधी कधी ‘स्क्रिप्ट एरर’ एवढाच मोघम संदेश येतो. दुसऱ्या संकेतस्थळावरून आणलेल्या स्क्रिप्टमधील चुकीचा तपशील ब्राउझर सुरक्षेसाठी मुद्दाम दडवतो. स्क्रिप्टच्या टॅगला ‘क्रॉसओरिजिन’ हे विशेषण (ॲट्रिब्यूट) जोडले आणि सर्व्हरनेही तशी परवानगी पाठवली, तरच फाइल व ओळ कळते. संपूर्ण स्क्रिप्ट एका ओळीत आवळलेली असल्यास मूळ ओळ मिळण्यासाठी सोर्स मॅप (आवळलेल्या स्क्रिप्टचा मूळ ओळींशी मेळ सांगणारी फाइल) लागतो.

देवनागरीत लिहिणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण येते, आणि तिचा विचार व्हायला हवा. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्य हा ‘ऱ’ला हलन्त लावून लिहिता येतो, तसाच साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक देऊनही. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. चलाला (मूल्य साठवणाऱ्या घटकाला, व्हेरिएबलला) असे नाव दिल्यास जावास्क्रिप्ट जोडक चालवून घेते, पण दोन रूपे दोन वेगळी नावे मानते. त्यामुळे समोर दिसणारे चल घोषितच नाही अशी तक्रार येते. पायथॉन मात्र जोडक आढळताच व्याकरणाची चूक दाखवून थांबतो. अशा वेळी डोळ्यांवर न विसंबता प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक (संगणकातील त्याचा ठरलेला संकेतांक) छापून पाहावा.

संदेशच नसेल, तर शोधाचे क्षेत्र निम्मे निम्मे करत जाणे हा खात्रीचा उपाय होय. आज्ञावलीतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रणालीतील बायसेक्ट ही आज्ञा याच तत्त्वावर चालते : सुमारे १,००० बदलांतून दोषी बदल सुमारे १० चाचण्यांत सापडतो. मात्र दोष दर वेळी हमखास प्रकट होत असला पाहिजे. कधी दिसणाऱ्या, कधी न दिसणाऱ्या दोषाला ही पद्धत फसते आणि निर्दोष बदलाकडे बोट दाखवते.