पूर्ण दिवसांच्या नवजात बाळातील श्वसनत्रास : गर्भारपण व प्रसूतीतील जोखीम घटक

गर्भाचे ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर जन्मलेल्या बाळाला पूर्ण दिवसांचे म्हणतात. अशा बाळाचा श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त होणे, बरगड्यांखाली खळगा पडणे, नाकपुड्या फुलणे, कण्हणे किंवा ओठ-जीभ निळी पडणे म्हणजे श्वसनत्रास. तो कमी दिवसांच्या बाळांनाच होतो हा समज चुकीचा आहे.

पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत पाणी असते. कळा सुरू झाल्यावर बाळाच्या शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते आणि ते पाणी शोषले जाऊ लागते. कळांआधीच सिझेरियन केले तर हा टप्पा चुकतो. पाणी मागे राहते आणि बाळ भराभर श्वास घेते. हा त्रास बहुधा २४ ते ७२ तासांत निवळतो, काही बाळांना मात्र ऑक्सिजन किंवा सीपॅप (नाकातून सतत दाबाने हवा देणारे यंत्र) लागतो. इथे आठवडा फार महत्त्वाचा. डेन्मार्कमधील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ठरवून केलेल्या सिझेरियननंतर श्वसनत्रासाचे प्रमाण ३७ व्या आठवड्यात सुमारे १० टक्के, ३८ व्यात ५ आणि ३९ व्यात २ टक्के होते. म्हणून वैद्यकीय कारण नसताना, निव्वळ मुहूर्तासाठी, ३९ आठवड्यांआधी तारीख धरू नये. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाताना पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत हवेच. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून दिवस मोजले तर दोन-तीन आठवड्यांची चूक सहज होते.

आईची साखर वाढलेली असली तर बाळाच्या रक्तात इन्सुलिन वाढते. त्यामुळे फुप्फुसे उघडी ठेवणारे सर्फॅक्टंट उशिरा तयार होते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १४० किंवा अधिक आली तर तो गर्भारपणातील मधुमेह धरतात. उच्च रक्तदाब आणि तीव्र रक्तक्षय यांनी वारेकडून मिळणारा प्राणवायू घटतो. नंदुरबार-धुळ्याच्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेल हा रक्तक्षय करणारा आनुवंशिक आजार आढळतो, त्यामुळे तिथे हिमोग्लोबिनसोबत सिकलसेलची तपासणीही झाली पाहिजे. शेतात निंदणी-कापणी करून अंग दुखले म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी शेवटच्या तिमाहीत घेऊ नये. त्या गोळीने बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी पोटातच आकसते आणि जन्मानंतर फुप्फुसांचा रक्तदाब उतरत नाही.

प्रसूतीच्या वेळी दोन गोष्टी नोंदवाव्यात: पाणमोट कधी फुटली आणि पाण्याचा रंग. पाणमोट फुटून १८ तास उलटले, आईला ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप आला, पाण्याला दुर्गंधी आली, किंवा वारंवार आतून तपासणी झाली, तर जंतुसंसर्ग व न्यूमोनियाचा धोका वाढतो. हिरवट पाणी म्हणजे बाळाने पोटातच शी केली. असे साधारण दहातल्या एका बाळंतपणात दिसते, ४१ आठवड्यांनंतर अधिक. त्यातल्या थोड्याच बाळांच्या फुप्फुसांत ती शी जाऊन त्रास होतो. रडणाऱ्या, सुदृढ बाळाचा घसा नळीने साफ करू नये. न रडणाऱ्या बाळाला पुसून, तोंड-नाक साफ करून पहिल्या मिनिटातच बॅग-मास्कने श्वास द्यावा.

कळा वाढवायला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन घरी किंवा अंदाजाने देणे घातक. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा आल्या तर मधली विश्रांती अपुरी पडून वारेला पुरेसे रक्त पोचत नाही आणि बाळ गुदमरते. अडलेले बाळंतपण आणि नाळ खाली सरकणे यांचाही परिणाम तोच. सातपुड्यात अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून घाटाने नंदुरबारला येण्यात तास जातात, काही ठिकाणी आधी झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. तिथे जोखमीच्या गर्भवतीला प्रसूतीच्या तारखेआधीच रुग्णालयाजवळ हलवणे हाच खरा उपाय.

खान्देशात हिवाळ्यात पहाटेची थंडी कडक असते. तरी जन्मताच अंघोळ घालण्याची पद्धत काही घरांत आहे. गार पडलेल्या बाळाला प्राणवायू जास्त लागतो, म्हणून पहिली अंघोळ किमान २४ तास टाळावी आणि बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवून वरून पांघरावे.

त्रास दिसला की मध, गुटी, वरचे दूध काही देऊ नये. श्वास भराभर असताना पाजलेले फुप्फुसात जाऊ शकते. १०८ रुग्णवाहिका बोलवावी, बाळाला उबदार ठेवून जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात न्यावे आणि सोबतच्या चिठ्ठीत आठवडे, पाणमोट फुटल्याची वेळ, पाण्याचा रंग, आईचा ताप, दिलेली इंजेक्शने आणि बाळ कधी रडले ते लिहावे.