प्रगत फुप्फुस-कर्करोग : उपशामक सेवा, आशा व आधार

फुप्फुसाचा कर्करोग मूळ जागेवरून दुसऱ्या फुप्फुसात, फुप्फुसावरणात किंवा मेंदू, हाडे, यकृत, अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरील ग्रंथी) अशा दूरच्या अवयवांत पसरला, की त्या अवस्थेला प्रगत किंवा चौथी अवस्था म्हणतात. या अवस्थेत शस्त्रक्रियेने रोग समूळ काढून टाकणे बहुधा शक्य नसते. रोग आटोक्यात ठेवणे, आयुष्य वाढवणे आणि ते सुसह्य करणे हा उपचारांचा हेतू असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार जगात वर्षाला फुप्फुस-कर्करोगाचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण आढळतात व सुमारे १८ लाख रुग्ण दगावतात. बहुतेकांचे निदान प्रगत अवस्थेतच होते. भारतात त्याला आणखी एक कारण आहे. खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त पडणे ही लक्षणे आणि एक्स-रेतील डाग क्षयरोगाशी मिळतेजुळते असल्याने अनेक रुग्णांना आधी काही महिने क्षयरोगाची औषधे दिली जातात आणि तेवढा काळ हातचा जातो.

रोगाचे नाव ऐकताच ‘विडी-सिगारेट ओढत होता का?’ हा पहिला प्रश्न रुग्णाला विचारला जातो. तंबाखूचा धूर हे या रोगाचे प्रमुख कारण आहे, हे निर्विवाद. तरीही मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने प्रसिद्ध केलेल्या एका रुग्णमालिकेत निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण कधीही धूम्रपान न केलेले होते. ज्यांनी केले होते त्यांनाही निदानानंतर दोषारोपाचा काहीच उपयोग नसतो. उलट अपराधी भावनेमुळे माणूस त्रास सांगायचे टाळतो.

बदललेले रोगभविष्य : प्रगत फुप्फुस-कर्करोग म्हणजे थोडेच महिने, हे समीकरण साधारण २००४ पर्यंत बहुतांशी खरे होते. त्या वर्षी ईजीएफआर या जनुकातील उत्परिवर्तन (जनुकाच्या रचनेतील बदल) व जेफिटिनिब या गोळीचा प्रभाव यांचा संबंध उघड झाला. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी एएलके जनुकातील बदल दाखवून दिला. ईजीएफआर उत्परिवर्तनाचे प्रमाण भारतीय रुग्णांत निरनिराळ्या पाहण्यांत सुमारे २३ ते ३५ टक्के आढळले आहे. पाश्चात्त्य रुग्णांच्या मानाने ते बरेच अधिक आहे. म्हणूनच तुकडा-तपासणीनंतर (बायॉप्सीनंतर) जनुकीय चाचणी झाल्याशिवाय रुग्णाला महिन्यांचा हिशेब सांगणे अयोग्य ठरते. टाटा स्मारक रुग्णालयात ३५० रुग्णांवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जेफिटिनिबच्या जोडीला केमोथेरपी दिली असता रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांत याहून अधिक, निम्म्यांत कमी) ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. प्रतिकारशक्तीला मोकळीक देणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाने, पीडी-एल१ हे प्रथिन कर्करोगाच्या ५० टक्के वा अधिक पेशींवर असलेल्या निवडक रुग्णांपैकी सुमारे ३२ टक्के पाच वर्षांनंतरही हयात होते. निव्वळ केमोथेरपीने सुरुवात केलेल्या गटात हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. लघुपेशी (स्मॉल सेल) या फुप्फुस-कर्करोगाच्या दुसऱ्या प्रकारात मात्र इतकी सुधारणा झालेली नाही. नवी औषधे महाग आहेत, आणि बहुतेकांत कालांतराने रोग त्यांना दाद देईनासा होतो. आशेचा विचार करताना या दोन्ही बाजू समोर ठेवाव्या लागतात.

उपशामक सेवेचा उगम : लक्षणांचा परिहार आणि रुग्ण-कुटुंबाचा मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक आधार यांना मिळून पॅलिएटिव्ह केअर किंवा उपशामक सेवा म्हणतात. तिच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. काही लेखक तो मध्ययुगीन यात्रेकरूंच्या आश्रयगृहांपर्यंत मागे नेतात. परंतु तेथे मरणासन्नांची खास व्यवस्था असे, याला पुरेसा आधार दिसत नाही. फ्रान्समधील ल्यों येथे झान गार्निए यांनी १८४२ च्या सुमारास असाध्य कर्करोगाच्या स्त्रियांसाठी सुरू केलेले काम आणि डब्लिन येथे १८७९ मध्ये उघडलेले अवर लेडीज हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांचे सेवागृह) ही अधिक भक्कम पूर्वपीठिका होय. तथापि औषधशास्त्र, संशोधन व अध्यापन यांची सांगड घालणारी आजची पद्धत सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला स्थापलेल्या सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिसपासून मानणेच सयुक्तिक वाटते. परिचारिका, समाजसेविका व डॉक्टर अशा तिन्ही भूमिकांतून गेलेल्या साँडर्स यांनी शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक दुःख एकमेकांत गुंतलेले असते, असे मांडले. भारतातील पहिले हॉस्पिस म्हणून मुंबईत वांद्रे येथील शांती आवेदना सदनाचा (१९८६) उल्लेख होतो. त्याची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारजे येथे सिप्ला संस्थेचे केंद्र १९९७ पासून चालते.

सेवा केव्हा सुरू करावी? : ‘आता करण्यासारखे काही उरले नाही’ असे म्हटल्यावर जी सुरू होते ती उपशामक सेवा, हा समज डॉक्टरांतही खोल रुजलेला होता. त्याला मोठा धक्का दिला तो २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, खास फुप्फुस-कर्करोगावरील चाचणीने. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेनिफर टेमेल व सहकाऱ्यांनी नुकतेच निदान झालेल्या १५१ प्रगत रुग्णांचे चिठ्ठीपद्धतीने दोन गट केले. एका गटाला नेहमीचे कर्करोगोपचार दिले, तर दुसऱ्याला तेच उपचार आणि आरंभापासून उपशामक सेवा. दुसऱ्या गटाचे जीवनमान सरस ठरले आणि नैराश्याची लक्षणे ३८ टक्क्यांऐवजी १६ टक्के रुग्णांत आढळली. अखेरच्या काळात या गटातील कमी रुग्णांना आक्रमक उपचार मिळाले, तरीही त्यांचे मध्यक आयुर्मान ११.६ महिने भरले. पहिल्या गटाचे ८.९ महिने होते.

आयुष्य नेमके कशामुळे वाढले, यावर तेव्हापासून चर्चा चालू आहे. नैराश्य कमी झाल्याने, हे पहिले उत्तर स्वाभाविक होते. परंतु त्याच संशोधकांच्या पुढील विश्लेषणात तेवढ्याने फरकाचा उलगडा झाला नाही. मृत्यूपूर्वीच्या ६० दिवसांत शिरेवाटे केमोथेरपी मिळण्याचे प्रमाण उपशामक गटात कमी होते. थकलेल्या शरीरावरचा हा भार टळणे हे एक कारण असू शकेल. लक्षणे वेळीच ओळखली जाणे हे दुसरे. चाचणी एकाच रुग्णालयातील आणि लहान असल्याने योगायोगाचा वाटाही काही टीकाकार धरतात. कर्करोगाच्या विविध प्रकारांवरील ७ चाचण्यांचा, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा आढावा (२०१७) सावध आहे : जीवनमानात लहान पण लाभदायक फरक, आयुर्मानाबाबत मात्र निश्चित निष्कर्ष नाही. टाटा स्मारक रुग्णालयात डोके व मान यांच्या कर्करोगावर झालेल्या चाचणीत तर जीवनमानातही फरक दिसला नाही. फुप्फुस-कर्करोगापुरते पाहिले तर लवकर सुरुवात करण्याच्या बाजूचे पारडे जड आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील १,२५० रुग्णांच्या चाचणीत दृक्‌श्राव्य संपर्काद्वारे दिलेली सेवा प्रत्यक्ष भेटीइतकीच परिणामकारक ठरली. तालुक्याहून जिल्ह्याला आणि तिथून मुंबईला जाण्याची ताकद नसलेल्या रुग्णांसाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे. आयुष्य वाढो न वाढो, त्रास कमी होत असेल तर तो निदानाच्या दिवसापासून कमी करावा, या मताविरुद्ध सबळ युक्तिवाद आढळत नाही.

आशेची संकल्पना : परिचर्याशास्त्रात दुफो व मार्टोकियो यांनी १९८५ मध्ये वृद्ध कर्करोगग्रस्तांच्या निरीक्षणावरून आशेचे दोन स्तर सांगितले. पहिली विशिष्ट आशा, म्हणजे अमुक एक गोष्ट व्हावी ही. दुसरी व्यापक आशा. तिला ठरावीक विषय नसतो, पण पुढच्या दिवसाला काही अर्थ असेल एवढी खात्री तिच्यात असते. के हर्थ यांनी १९९२ मध्ये मांडलेला १२ विधानांचा आशा-निर्देशांक आजही संशोधनात वापरला जातो. मानसशास्त्रज्ञ स्नायडर यांची मांडणी निराळी आहे. त्यांच्या मते ध्येय, ते गाठण्याचे मार्ग व त्या मार्गांनी जाण्याची उमेद म्हणजे आशा. गंभीर आजारात मार्गच खुंटतात, त्यामुळे तेथे दुफो व मार्टोकियो यांची मांडणी अधिक उपयोगी पडते. ‘मी बरा होईन’ ही आशा क्षीण झाली, तरी मुलीचे लग्न डोळ्यांनी पाहावे, नातवाच्या मुंजीला बसून का होईना हजर राहावे, आषाढीला एकदा पंढरपूरला नेऊन आणावे, किंवा नुसते रात्री आडवे होऊन झोपता यावे, अशा आशा तिची जागा घेतात. शेवटची इच्छा लहान वाटेल; फुप्फुसावरणात पाणी साठलेल्या रुग्णाला विचारले म्हणजे तिचे मोल कळते. ते पाणी सुईने काढून टाकले, की ती पूर्णही करता येते. यांतली प्रत्येक आशा वेळेशी बांधलेली असते. लग्न मार्गशीर्षात ठेवायचे की वैशाखापर्यंत थांबायचे, हे ठरवायला कुटुंबाला खरी माहिती हवी.

सत्यकथन : येथे भारतीय कुटुंबाचा पेच उभा राहतो. बाह्यरुग्ण विभागात मुलगा आत येतो, फाइल टेबलावर ठेवतो आणि दार लोटून घेत म्हणतो, “डॉक्टर, बाबांना काही सांगू नका. खचतील ते.” बाहेर बसलेल्या बाबांनी केमोच्या वॉर्डाची पाटी वाचलेली असते, शेजारच्या रुग्णांशी बोलणेही झालेले असते, एकांत मिळताच ते डॉक्टरांना सांगतात, “मला समजलंय सगळं. पोरांना कळू देऊ नका.” दोघेही प्रेमापोटी गप्प राहतात आणि दोघेही एकटे पडतात. उपशामक वैद्यकात या परस्पर लपवाछपवीवर स्वतंत्र लेखन झाले आहे. माहिती दडवल्याने आशा टिकते, या गृहीतकाला संशोधनाचा आधार फारसा मिळत नाही. माहितीचा अभाव केवळ भारतातच आहे असेही नाही : अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत (२०१२) केमोथेरपी घेणाऱ्या प्रगत फुप्फुस-कर्करोगाच्या ६९ टक्के रुग्णांना, या उपचाराने रोग बरा होण्याची शक्यता नाही, हे समजलेले नव्हते. रुग्णाला किती कळले आहे व किती जाणून घ्यायचे आहे हे आधी विचारावे, मग तेवढेच, साध्या शब्दांत सांगावे, असा प्रघात आता रूढ होत आहे. न विचारता सगळे एका दमात सांगून टाकणे हेही निर्दयपणाचेच होय.

लक्षणांचा परिहार : वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये तीन पायऱ्यांची शिडी सांगितली : पॅरासिटामॉलसारखी औषधे, मग कोडीनसारखी सौम्य अफूजन्य औषधे, त्यानंतर मॉर्फिन. २०१८ च्या मार्गदर्शिकेत शिडीला केवळ दिशादर्शक स्थान उरले. तीव्र वेदनेत पायऱ्या मोजत बसू नये असे मानले जाते. हाडातील वेदनेवर किरणोपचाराची एकच मात्रा बहुधा पुरते. तोंडाने घ्यायची साधी मॉर्फिनची गोळी दर ४ तासांनी, घड्याळ लावून, वेदना उसळण्याची वाट न पाहता द्यायची असते आणि पहिल्या दिवसापासून सोबत रेचक द्यायचे असते. रेचक विसरले, की बद्धकोष्ठाने बेजार झालेला रुग्ण गोळीच सोडून देतो. ‘मॉर्फिन सुरू झाले म्हणजे शेवट आला’ आणि ‘त्याची सवय लागेल’ या दोन भीतींपायी असंख्य रुग्ण टाळता येणारी वेदना सोसत राहतात.

मॉर्फिनच्या दुर्मिळतेचे दुसरे कारण कायद्यात होते. अफूचे कायदेशीर पीक घेणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. तरीही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर राज्याराज्यांत निरनिराळे परवाने लागू लागले आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. केरळात १९९३ मध्ये कालिकत येथे एम. आर. राजगोपाल, सुरेश कुमार व सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या संस्थेतून वस्तीपातळीवरील स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले, आणि कायदा बदलण्याच्या मागणीलाही त्या चळवळीतून बळ मिळाले. २०१४ च्या दुरुस्तीने वैद्यकीय वापराच्या मॉर्फिनसाठी देशभर एकच नियमावली व मान्यताप्राप्त संस्थांना एकच परवाना अशी सोय झाली. औषधांच्या दुकानात ते आजही सहजी मिळत नाही.

धाप हे या रोगाचे सर्वांत भयावह लक्षण. मॉर्फिनची लहान मात्रा धापेची जाणीवही कमी करते. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पुरेसे असताना सिलिंडरमधील ऑक्सिजनचा साध्या हवेपेक्षा अधिक उपयोग होत नाही, असे २०१० मधील एका चाचणीत दिसले; हातात धरायच्या छोट्या पंख्याचा झोत गालावर व नाकावर घेतल्यास मात्र पुष्कळांना आराम पडतो. खाटेला टेबल लावून, त्यावर उशी घेऊन, कोपर टेकवून पुढे झुकून बसणे, खिडकी उघडी ठेवणे आणि खोलीतली गर्दी कमी करणे हे उपाय घरच्यांना शिकवता येतात. जवळच्या माणसाला आपण काही करू शकतो, हे कळल्याने त्याचीही घालमेल कमी होते.

सामाजिक आधार : टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) देशभरातून रुग्ण येतात आणि परळमध्ये राहायचे कुठे, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न असतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा व परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी हा भार अनेक दशके उचलला आहे. इंडियन कॅन्सर सोसायटी (१९५१) आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन (१९६९) औषधे, खर्च व समुपदेशन यांत मदत करतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार समाविष्ट आहेत. रुग्णांच्या स्वतःच्या संघटना या क्षेत्रात उशिरा आल्या; अमेरिकेतील पहिली, केवळ फुप्फुस-कर्करोगाला वाहिलेली संस्था १९९५ मधील. गेल्या दशकात मात्र ईजीएफआर, एएलके, आरओएस१ अशा जनुकबदलांनुसार रुग्णगट बनले असून ते संशोधनाचे विषयही सुचवतात. काळजी घेणाऱ्याचा प्रश्न सर्वत्र मागे पडतो. घरी बहुधा पत्नी किंवा सून रात्रभर जागी असते. तिला झोप, चार तासांची सुट्टी आणि रुग्णाच्या पश्चात शोकसमुपदेशन मिळणे हा उपशामक सेवेचाच भाग आहे.

कायदेशीर बाजू : अखेरच्या काळात कृत्रिम श्वसनयंत्र वा तत्सम उपचार नकोत, अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. त्या वेळची कार्यपद्धती क्लिष्ट होती. जानेवारी २०२३ मध्ये ती सुलभ करण्यात आली व न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर, दोन साक्षीदारांसह केलेला दस्तऐवज पुरेसा ठरवण्यात आला. असे पत्र केले म्हणजे उपचार थांबतात असे नाही. रुग्ण स्वतः बोलू शकतो तोवर त्याचा शब्दच प्रमाण असतो, आणि वेदनाशमन व धापेवरील उपचार अखेरपर्यंत चालू ठेवावे लागतात.