अब्जांश तंत्रज्ञान : शेती, अन्न व पर्यावरण (गोव्याच्या संदर्भात)

पदार्थाचे साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर मापाचे कण, थर किंवा तंतू तयार करून त्यांच्या बदललेल्या गुणधर्मांचा उपयोग करण्याचे शास्त्र व तंत्र. नॅनोमीटर हा मीटरचा अब्जावा भाग. १ सेंमी. बाजूच्या घनाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ६ चौ. सेंमी. असते, त्याचेच १ नॅनोमीटर बाजूचे घन पाडले तर ते एकूण ६,००० चौ. मी. भरते. बऱ्याच विक्रिया पृष्ठभागावर होत असल्याने तेवढाच पदार्थ कितीतरी अधिक क्रियाशील बनतो. अल्प मात्रेत काम भागण्याची आशा यामुळेच निर्माण होते आणि सजीव पेशींना अपाय होण्याची भीतीही यामुळेच.

उगम : या तंत्राचा आरंभ सामान्यतः अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या २९ डिसेंबर १९५९ च्या व्याख्यानापासून धरतात. अणू एकेक करून रचता येतील, ही कल्पना त्यात आहे. ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द मात्र नाही. तो नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये अतिसूक्ष्म यंत्रकामाच्या संदर्भात वापरला आणि एरिक ड्रेक्सलर यांच्या १९८६ मधील पुस्तकामुळे तो सर्वतोमुखी झाला. १९८० च्या आसपासपर्यंत फाइनमन यांच्या व्याख्यानाची दखल फार थोड्या संशोधकांनी घेतल्याचे दिसते. म्हणून पुढे नावारूपाला आलेल्या शाखेने मागाहून शोधलेला तो पूर्वज होय, असे काही इतिहासकार मानतात. १९८१ चा स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक (पृष्ठभागावरील एकेक अणू दाखवणारे उपकरण) हा खरा आरंभ, असे म्हणणारा दुसरा पक्ष आहे. शेतीच्या दृष्टीने यांपेक्षा तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते : अब्जांश कणांचा वापर कलिल (द्रवात तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या) रसायनशास्त्रातून आधीच चालत आला होता, नाव तेवढे नंतर मिळाले. कलिल चांदी शेवाळनाशक म्हणून अमेरिकेत १९५४ मध्ये नोंदली गेली होती.

त्याहून जुने आणि गोव्यातील कुळागरांत (सुपारीच्या बागायतींत) आजही दिसणारे उदाहरण म्हणजे १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये पुढे आलेले बोर्डो मिश्रण. सुपारीच्या कोळेरोगावर पावसाआधी त्याची १ टक्का फवारणी करतात : १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) व १ किलो कळीचा चुना. मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या दुधाळ पाण्यात ओततात, उलट नव्हे. मग त्यात चाकूचे स्वच्छ पाते बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून तो वाढवतात. ताजे मिश्रण निळसर व गुळगुळीत असते, त्यातील साका अत्यंत सूक्ष्म असतो आणि पानाला व घडाला चिकटून राहतो. ते शिळे झाले की कण मोठे होऊन चिकटपणा जातो, म्हणून ते त्याच दिवशी संपवतात. कणाचे माप बदलले की औषधाचा गुण बदलतो, ही गोष्ट कुळागरातील माणसाला हाताने ठाऊक आहे. तांब्याच्या अब्जांश कणांवरील सध्याच्या संशोधनाचा हेतूही कमी तांब्यात तोच परिणाम साधणे हा आहे.

शेतीतील उपयोग : शेती व अन्नासाठी या तंत्राचा एकत्रित आराखडा अमेरिकेच्या कृषी खात्याने २००३ मध्ये मांडला. भारतात ‘नॅनो मिशन’ २००७ मध्ये सुरू झाले. प्रत्यक्ष शेतकऱ्याच्या हाती आलेले पहिले मोठे उत्पादन म्हणजे २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात समाविष्ट झालेला इफ्को या खत उत्पादक सहकारी संस्थेचा द्रवरूप नॅनो युरिया. नॅनो डीएपी (नत्र व स्फुरद देणारे खत) २०२३ मध्ये आले. सुरुवातीच्या ४ टक्के नत्राच्या नॅनो युरियाच्या ५०० मिलि. बाटलीत २० ग्रॅम नत्र होते, तर साध्या युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत (४६ टक्के) सुमारे २०.७ किलो असते. एक बाटली एका गोणीची जागा घेईल, हा दावा पानांतून होणाऱ्या शोषणाच्या कार्यक्षमतेवर उभा आहे. उत्पादकांनी सरासरी सुमारे ८ टक्के उत्पादनवाढ सांगितली. कोपनहेगन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये या दाव्याच्या वैज्ञानिक आधारावरच शंका घेतली आणि पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांत गहू व भाताचे उत्पादन घटल्याचे आढळले. हजारपटीचा फरक केवळ शोषणाने भरून निघणे कठीण असल्याने दुसरी बाजू अधिक सबळ वाटते.

गोव्यात आणखी एक अडचण आहे. फवारणीनंतर बारा तासांत पाऊस झाल्यास ती पुन्हा करावी, अशी सूचना आहे. वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात सरद (पावसाळी) भाताला एवढी उघडीप क्वचितच मिळते. वायंगण (पावसाळ्यानंतरच्या) हंगामात प्रश्न सौम्य होतो. जांभ्या मातीत लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मुळातच अब्जांश मापाची असतात आणि ती स्फुरद घट्ट धरून ठेवतात. म्हणून येथे नत्रापेक्षा स्फुरदाच्या अब्जांश खतांची चाचणी अधिक निकडीची आहे.

अन्न : दुधातील केसीन या प्रथिनाचे पुंज नैसर्गिकरीत्याच या मापाच्या आसपासचे असतात; तेव्हा ‘अब्जांश’ म्हणजे घातक, असे समीकरण मांडता येत नाही. प्रश्न आहे तो न विरघळणाऱ्या कृत्रिम कणांचा. पांढरा रंग म्हणून वापरलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा काही अंश अब्जांश असतो. त्यापासून जनुकीय हानीची शक्यता नाकारता येत नाही, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये सांगितले व २०२२ मध्ये तेथे अन्नात त्यावर बंदी आली. वेष्टनांत मृत्तिकेचे अब्जांश पापुद्रे मिसळल्यास प्राणवायू व बाष्प आत शिरण्यास अडथळा होतो. पावसाळ्यात मऊ व खवट होणाऱ्या काजूगरांसाठी हा उपयोग मोलाचा ठरेल.

पर्यावरण व धोके : गोव्यातील खरा प्रश्न खाजनांचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनींचा आहे. भरतीला आपोआप मिटणाऱ्या आणि ओहोटीला उघडणाऱ्या मानशीच्या (बांधातील झडपेच्या) लाकडी दारांतून शेतातील पाणी पोयीतून (खाजनातील पाणी साठवणाऱ्या खोलगट भागातून) मांडवी, झुवारीच्या खाडीत जाते व मानशीवरच मासळी धरली जाते. फवारलेला कण याच वाटेने जातो. गोड्या पाण्यात कणांभोवतीचा विद्युतभारित थर त्यांना परस्परांपासून दूर ठेवतो. समुद्राच्या पाण्यातील क्षारांमुळे हा थर १ नॅनोमीटरपेक्षाही पातळ होतो, कण एकमेकांना चिकटतात आणि गाळात बसतात. पाण्यातील चाचणीत ते नाहीसे झालेले दिसतात, पण तिसऱ्या, कालवे, शिनाणे यांसारखे पाणी गाळून खाणारे जीव सुट्या कणांपेक्षा असे पुंजके अधिक सहज पकडतात. म्हणून नुसते पाणी तपासून भागत नाही, गाळ व शिंपलेही तपासायला हवेत. प्राणवायूरहित चिखलात चांदी व जस्त यांची सल्फाइडे होऊन विषारीपणा घटतो. मात्र खाजनाची जमीन उन्हाळ्यात सुकली की सल्फाइडांचे ऑक्सिडीकरण होते, माती आम्लधर्मी बनते आणि बांधलेले धातू पुन्हा मोकळे होऊ शकतात.

भारताच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये अब्जांश कृषी-निविष्ठा व अन्नपदार्थांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. खाजनासारख्या खाऱ्या-गोड्या पाण्याच्या शेतीसाठी चाचण्या क्षारतेच्या निरनिराळ्या पातळ्यांवर व्हायला हव्यात. कोरगुटासारखा खारेपणा सोसणारा भात फारसे खत न घालता पिकवण्याची येथील परंपरा आहे. तेथे अशा निविष्ठेची गरज आधी सिद्ध व्हावी. संशोधनाच्या बाजूने एक उल्लेखनीय काम बिट्स पिलानीच्या गोवा संकुलात झाले : मिठागरांतील लवणप्रेमी आर्किया या एकपेशी सूक्ष्मजीवांपासून (हॅलोकॉकस) चांदीचे अब्जांश कण तयार केल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. खाऱ्या पाण्यातच घडणाऱ्या अशा कणांचे वर्तन येथील खाड्यांत तपासणे सोयीचे आहे.