गठ्ठा आहे तसाच आणा
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"तुम्हाला त्रास नको म्हणून आम्हीच सगळं नीट लावून आणलंय." हे वाक्य आमच्या दारात महिन्यातून एकदा तरी ऐकू येतं आणि ते कानावर पडलं की काम लांबलं हे आम्ही ओळखतो. बोलणारा माणूस भला असतो. चार सुट्ट्या खर्चून, नाकाला फडकं बांधून त्याने धूळ खाल्लेली असते. त्याच्या तोंडावर काही बोलवत नाही, म्हणून हे पत्रक छापलं.

जुनी कागदपत्रं, नोंदवह्या, हस्तलिखितं आणि बांधीव पुस्तकं दुरुस्त करणं आणि त्यांच्या प्रतिमा काढून देणं हा आमचा व्यवसाय. बरंचसं काम कॅथिड्रल (म्हणजे बिशपचं मुख्य चर्च) आणि जुन्या चर्चच्या दफ्तरांचं, त्यांच्या ग्रंथालयांचं असतं. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या, इमारतीच्या दुरुस्तीचे हिशोब, जमिनींचे भाडेपट्टे, पत्रव्यवहाराचे गठ्ठे. या वस्तू तुमच्या रोजच्या हाताखालच्या, तेव्हा कोणती वही कशाची हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. सांगायचं ते एवढंच, की आमच्याकडे आणण्याआधी कागद लावू नका.

लावणं म्हणजे दोऱ्या सोडणं, टाचण्या उपसणं, सगळी पत्रं तारीखवार रचणं, मोठे कागद खाली आणि छोटे वर ठेवणं, नकाशे वेगळे काढणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "यावर काहीच लिहिलेलं नाही" म्हणून वेष्टनं आणि रिकामी पाकिटं टाकून देणं.

एका टाचणीची गोष्ट

एका चर्चच्या कार्यालयातून तीन पेट्या आल्या होत्या. आत कागद अगदी देखणे लावलेले, दर वर्षाला एक नवी कोरी फाइल. मूळ गठ्ठे मात्र कामावार होते, म्हणजे एका कामाचे सगळे कागद एका टाचणीत. त्यात गवंड्याचं एक पत्र होतं, पैसे अजून मिळाले नाहीत अशी तक्रार करणारं. त्यावर तारीख होती, म्हणून ते बरोबर आपल्या वर्षात जाऊन बसलं. त्याने दिलेल्या खर्चाच्या अंदाजावर तारीख नव्हती, तो "तारीख नसलेले" या ढिगात गेला. त्या ढिगात दोनशेच्या वर कागद. त्याला पाठवलेल्या उत्तराचा कच्चा खर्डाही तिथेच. आणि घंटेच्या मनोऱ्यातल्या तुळईचं वीतभर चित्र नकाशांच्या फाइलीत.

टाचणीत होते तोवर हे चार कागद मिळून एक हकीकत सांगत होते. सुटल्यावर चित्र म्हणजे कुठल्या तरी लाकडाचं चित्र आणि खर्डा म्हणजे कुणी तरी कुणाला तरी लिहिलेलं काही तरी.

आम्ही ते जुळवले कसे, तर गंजावरून. टाचणी वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली की कागदावर तपकिरी रेघ उमटते आणि रेघेच्या दोन्ही टोकांना भोकं राहतात. दिव्याचा उजेड तिरका पाडून एकेक कोपरा पाहिला. नखाएवढी रेघ, डावीकडे जरा झुकलेली, चारही कागदांवर तीच. शिवाय घड्या जुळल्या. सुट्या झालेल्या वहीच्या पानांना किड्याने पाडलेलं भोकही असंच उपयोगी पडतं, कारण किडा पानांमागून पानं पोखरत सरळ जातो आणि त्याला तारीखवार लावण्याची हौस नसते. हे सगळं करायला अकरा दिवस लागले. ते बिलात आले, आणि देणाऱ्याइतकंच घेणाऱ्यालाही वाईट वाटलं.

हा आमचा हट्ट नव्हे. १८४१ साली फ्रान्समध्ये सरकारी दफ्तरखान्यांसाठी परिपत्रक निघालं, की एका संस्थेचे कागद एकत्र राहावेत, दुसऱ्या संस्थेच्या कागदांत मिसळू नयेत. पुढे १८८१ मध्ये प्रशियाच्या (जर्मनीतल्या त्या वेळच्या एका राज्याच्या) दफ्तरखान्याने आणखी एक पाऊल टाकलं, की संस्थेने ज्या क्रमाने कागद ठेवले तो क्रमही मोडू नये. दफ्तराचं काम करणारी मंडळी आजही याच दोन नियमांवर चालतात. तारीखवार यादी हवी असेल तर ती यादीत करता येते. संगणकावर ती एका क्षणात तारखेने लागते, नावाने लागते, विषयाने लागते. त्यासाठी कागद हलवावे लागत नाहीत.

क्रम म्हणजे फक्त कागदांचाच असंही नाही. इंग्लंडमधल्या हेरेफर्ड कॅथिड्रलमध्ये साखळीबंद ग्रंथालय आहे. सुमारे १५०० पुस्तकं, प्रत्येकाच्या वरच्या पुठ्ठ्याला साखळी आणि साखळीचं दुसरं टोक फळीच्या गजात अडकवलेलं. तिथे पुस्तकांचे कणे आत आणि पानांच्या कडा बाहेर असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुणी तरी उलटी ठेवली आहेत, सरळ करून द्यावीत. पण तशीच ठेवली तर पुस्तक ओढून जागच्या जागी उघडता येतं. कणा बाहेर केला तर ते फिरवावं लागेल आणि साखळीचा पीळ बसेल. उलटं दिसतं ते उलटंच असतं असं नाही.

मग आणायचं कसं

फळीवरून काहीही काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. आधी पूर्ण कपाटाचा, मग एकेका फळीचा. हे पाच मिनिटांचं काम आमचे दोन दिवस वाचवतं. मग फळीवर होतं त्याच क्रमाने पेटीत उतरवा. पेटी एका माणसाला सहज उचलेल इतकीच भरा. खूण म्हणून कागदाची सुटी पट्टी चालेल, चिकटणारी चिठ्ठी नको. तिचा चीक दिसत नाही पण राहतो. धूळ राहू द्या, ती झटकणं आमच्याकडे. दोरी तुटायला आली असेल तर सगळा गठ्ठा धुतलेल्या सुती कापडात बांधा, वर रबरबँड लावू नका. मेणाची मोहर लोंबत असेल तर तिच्याखाली मऊ कापडाची घडी ठेवा आणि वर काहीही रचू नका.

चर्मपत्रावरचा दस्तऐवज गुंडाळलेला असेल तर गुंडाळलेलाच आणा. ती कातडी आहे. दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आखडते आणि उष्णतेने कायमची आक्रसते. एकदा एक भाडेपट्टा इस्त्री करून आला होता. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

सेलोटेप आणि लॅमिनेशनबद्दल सगळ्यांना माहीत आहे असं आम्ही धरून चाललो असतो, पण अनुभव वेगळा आहे. टेपचा गोंद पिवळा पडतो, कागदात झिरपतो आणि पट्टी गळून पडल्यावरही डाग मागे ठेवतो. लॅमिनेशनमध्ये तापलेलं प्लास्टिक कागदाच्या धाग्यांत शिरतं, ते सुखरूप परत निघेल याची हमी कुणी देत नाही. आम्ही गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि लांब धाग्याचा पातळ जपानी कागद वापरतो तो याचसाठी. उद्या आमच्यापेक्षा हुशार कुणी आला आणि त्याला आमची दुरुस्ती पटली नाही, तर जरा ओल देऊन तो ती सोडवू शकेल. फाटलेलं पान फाटकंच आणा, तुकडे पाकिटात घाला आणि ते पाकीट त्याच पानाशी ठेवा.

पुस्तकं भिजली असतील तर मात्र एवढं वाचत बसू नका, लगेच फोन करा. १९६६ साली ४ नोव्हेंबरला फ्लोरेन्समध्ये आर्नो नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तिथल्या कॅथिड्रलच्या बांधकामाचं दफ्तरही चिखलात गेलं होतं. त्या पुरातून जगभरातले दुरुस्ती करणारे पुष्कळ शिकले. भिजलेली वही उघडायची नाही, उन्हात टाकायची नाही. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, त्याच्या आत ती गोठवली तर पुढचं काम सावकाश करता येतं.

"डाग काढत नाही, मग पैसे कसले?"

हा प्रश्न आम्हाला तोंडावर विचारला गेला आहे, म्हणून उत्तर लिहूनच ठेवतो. इंग्लंडमधल्या एक्झेटर कॅथिड्रलच्या ग्रंथालयात दहाव्या शतकात लिहिलेला जुन्या इंग्रजी कवितांचा एक ग्रंथ आहे. बिशप लिओफ्रिक यांनी तो दिला, ते १०७२ मध्ये वारले. ग्रंथाच्या सुरुवातीच्या पानावर सुरीच्या रेघा आहेत, भांडं टेकवल्याचा गोल डाग आहे आणि शेवटची पानं जळून आरपार भोकं पडली आहेत. म्हणजे मधल्या काळात कुणी तरी त्याचा पाट केला, कुणी तरी त्यावर पेला ठेवला. आज तो डागही ग्रंथाच्या चरित्राचा भाग आहे. तुमच्या नोंदवहीवरचं मेणबत्तीचं मेण सांगतं, की ती रात्री भरली जायची. कागदाला खाणारी घाण आम्ही काढतो, नुसता डोळ्याला खुपणारा डाग राहू देतो.

पुसट शाई उठून यावी म्हणून काही "लावण्याची" मागणीही येते. इटलीत व्हेरोना कॅथिड्रलच्या ग्रंथालयात १८१६ साली नीबुर या जर्मन इतिहासकाराला रोमन कायदेपंडित गायस याचा ग्रंथ सापडला, खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्राच्या खालच्या थरात. तो वाचण्यासाठी त्या काळी पानांवर रसायनं लावली. ओळी वाचता आल्या, पण पानं कायमची डागाळली. आज तेच काम निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशात फोटो काढून होतं आणि पानाला थेंबही लागत नाही. ही सोय आमच्याकडे आहे. मागितल्याशिवाय ती वापरत नाही, कारण दहातल्या आठ वह्या साध्या चांगल्या उजेडातही वाचता येतात.

हातमोज्यांचंही सांगून टाकतो, कारण आमची माणसं उघड्या हाताने पानं उलटताना पाहून काही जण दचकतात. सुती मोज्यात बोटाला पानाची कड जाणवत नाही आणि पान फाटतं. कागदाला आणि चर्मपत्राला धुतलेले, कोरडे हात बरे. मोजे आम्ही छायाचित्रं आणि धातूच्या वस्तूंसाठी घालतो.

प्रतिमा आणि पुढचं वाटप

"फोटोच तर काढायचेत, एका दुपारचं काम" असं वाटणं साहजिक आहे. पण आम्ही आधी पानं मोजतो आणि नसतील तिथे मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात आकडे घालतो, कोरी पानंही धरून. वही पूर्ण सपाट उघडत नाही, उतरत्या आधारावर जेवढी ती आपण होऊन उघडते तेवढीच उघडतो. तिला सपाट दाबणाऱ्या यंत्राने काम चौपट वेगाने होतं आणि कणाही तितक्याच वेगाने मोडतो. ए-फोर मापाचं एक पान ४०० पीपीआयला (दर इंचाला ४०० ठिपके) पूर्ण रंगात टिफ स्वरूपात (न दाबता साठवलेली फाइल) साधारण ४६ एमबी होतं, म्हणजे तीनशे पानांची वही जवळजवळ १४ जीबी. ही मूळ प्रत जपून ठेवण्याची. लोकांना दाखवायला आणि पाठवायला हलकी जेपेग प्रत वेगळी देतो. मूळ प्रतीच्या निदान तीन नकला ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. पेनड्राइव्ह कपाटात ठेवला म्हणजे जतन झालं, असं आमच्या बिलावर कुठेही लिहिलेलं नाही.

यादीचा आग्रह आम्ही का धरतो, तेही व्हेरोनाच सांगेल. तिथली जुनी हस्तलिखितं कित्येक वर्षं हरवली असं समजत होते, ती १७१२ मध्ये एका कपाटाच्या माथ्यावर सापडली. चोरी नाही, आग नाही, नुसतं कुठे ठेवलं ते माहीत असणारा माणूस राहिला नव्हता. म्हणून आमच्या यादीत "काय आहे" याच्या शेजारी "कुठे आहे" हा रकाना असतो आणि तो भरल्याशिवाय आम्ही काम पुरं झालं असं म्हणत नाही.

सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी दोन गोष्टी तपासा. अलीकडच्या नोंदवह्यांत हयात माणसांची नावं, जन्मतारखा, आईबापांची माहिती असते. ती पानं किती वर्षं मिटलेली ठेवायची हे तुमच्या संस्थेने आधी ठरवून आम्हाला लेखी द्यावं, आम्ही प्रतिमा त्याप्रमाणे वेगळ्या करून देतो. दुसरं, पत्र तुमच्या कपाटात आहे म्हणून त्यातल्या मजकुराचा हक्क तुमचा होत नाही. तो लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असू शकतो. शंका असेल तिथे मजकूर बंद ठेवून नुसती यादी खुली करा. संशोधक यादीवरूनच दार शोधत येतात.

कामाला सुरुवात करण्याआधी आम्ही एकदा तुमच्याकडे येऊन कपाटं जागेवर पाहतो. या भेटीचे पैसे घेत नाही. त्या दिवशी काहीही आवरून ठेवू नका, जळमटंसुद्धा. त्यांच्यावरून कोणती फळी कधीपासून हलली नाही ते आम्हाला कळतं.

काम झाल्यावर प्रत्येक गठ्ठा त्याच्या जुन्या क्रमाने बांधून परत मिळेल. गंजलेल्या टाचणीच्या जागी कागदाची घडी असेल आणि कुजलेल्या दोरीच्या जागी सुती फीत. जुनी दोरी आणि टाचणी छोट्या पाकिटात घालून, वर क्रमांक टाकून गठ्ठ्याबरोबरच देतो. ते पाकीट टाकू नका.