अंडर-रिकव्हरी म्हणजे तोटा नव्हे

कच्च्या तेलाचे भाव चढले की ‘सरकारी तेल कंपन्यांना लिटरमागे इतका तोटा’ हा मथळा हमखास येतो. तो आकडा बहुतेक वेळा तोट्याचा नसतोच, अंडर-रिकव्हरीचा असतो.

तोटा सगळ्यांना कळतो. खर्च जास्त, जमा कमी.

अंडर-रिकव्हरी काढताना कंपनीचा खर्च बघतच नाहीत. डिझेल तयार स्वरूपात परदेशातून आणलं असतं तर कितीला पडलं असतं, हे बघतात: आखाती बाजारातला भाव, जहाजाचं भाडं, विमा, सीमाशुल्क, बंदराचा खर्च. २००६ मध्ये ठरलेल्या सूत्रात या आयात-किमतीला ८० टक्के आणि निर्यातीच्या भावाला २० टक्के वजन आहे. त्यातून कंपनीच्या हाती पडणारा दर वजा केला की उरते ती अंडर-रिकव्हरी. पण आपण मुख्यतः कच्चं तेल आणतो आणि डिझेल इथेच काढतो. म्हणजे सूत्रातलं डिझेलवरचं भाडं आणि शुल्क बहुतांशी कुणी भरलेलंच नसतं. समजा सूत्राची किंमत ६० रुपये, विक्री ५५ ला, आणि लिटरचा खरा खर्च ५२. अंडर-रिकव्हरी ५ रुपये, नफा ३ रुपये!

२०१२-१३ ची अंडर-रिकव्हरी होती १,६१,०२९ कोटी. त्यातले एक लाख कोटी सरकारने दिले, ६०,००० कोटी ओएनजीसीसारख्या तेल-वायू काढणाऱ्या सरकारी कंपन्यांच्या गळ्यात पडले. विक्री कंपन्यांच्या (इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम) वाट्याला १,०२९ कोटी आले, आणि त्या वर्षी तिघीही नफ्यात होत्या. खरी झळ ओएनजीसीला बसली.

म्हणून अंडर-रिकव्हरी थोतांड आहे, असंही म्हणू नका. २०२२-२३ मध्ये पंपावरचे दर गोठले होते. इंडियन ऑइलला शुद्धीकरणातल्या तगड्या मार्जिनने तारलं, नफा ८,२४२ कोटी. हिंदुस्तान पेट्रोलियम मात्र शुद्ध करते त्याहून जास्त विकते. उरलेला माल तिला इतरांकडून बाजारभावाने घ्यावा लागतो, त्यामुळे तिथे सूत्रातली किंमत हाच खरा खर्च ठरतो. तिचा तोटा ८,९७४ कोटी.

घरगुती गॅसचंही तसंच. निम्म्याहून जास्त गॅस खरोखर जहाजाने येतो, मुख्यतः सौदी अरामको या तिथल्या सरकारी तेल कंपनीच्या दराशी बांधलेला. सिलिंडरवरची अंडर-रिकव्हरी म्हणूनच बरीचशी कंपन्यांच्या खिशातून जाते.